जड उचलू नको

फोन वाजला तेव्हा चन्नप्पा छबुबाईंसाठी गुळाची ढेप फोडत होता. पोळा तोंडावर होता आणि केजच्या बाजारात सकाळपासून गर्दी होती. त्यानं डाव्या हातानं रिसिव्हर उचलला. पलीकडून वीरेश, त्याचा थोरला, अंबाजोगाईच्या दवाखान्यातून बोलत होता.

"अप्पा, आई गेली."

चन्नप्पा म्हणाला, "बरं." आणि त्यानं फोन ठेवला. मग त्यानं फोडलेला गूळ पारड्यात टाकला, काटा थांबेपर्यंत वाट बघितली, वर आणखी एक खडा टाकला आणि पुडी बांधून दिली. छबुबाईंनी विचारलं, कोणाचा फोन होता. त्यानं सांगितलं. छबुबाई मागच्याच गल्लीत राहायच्या. नीलम्मा लग्न होऊन केजला आली तेव्हापासून दोघींचं येणंजाणं. त्यांनी पुडी ओट्यावर ठेवली, तोंडाला पदर लावला आणि जरा वेळानं स्वतःच पुढं होऊन दुकानाचं शटर ओढायला लागल्या. ते त्यांना ओढवेना. तेव्हा कुठं चन्नप्पा जागचा उठला.

सकाळी तर नीलम्मा उशीला टेकून बसली होती. बशीतून चहा प्याली होती. पोरं हायेत ना हितं, तुमी जा, दुकान उघडा, सणाचं गिऱ्हाईक परत जाऊ देऊ नका, असं तिनंच त्याला म्हटलं होतं. तिचं ऐकून तो आला होता.

तो परत अंबाजोगाईला गेला तो जीपमधूनच. जीपमधली माणसं कापसाच्या भावावर बोलत होती. एकानं त्यालाही विचारलं, तर त्यानं काहीतरी उत्तर दिलं. दवाखान्यात वीरेश खाली गाडीची व्यवस्था बघत होता. धाकटी लेक ईश्वरी औरंगाबादहून पहाटेच येऊन पोचली होती. ती वरच्या मजल्यावर बाकावर बसली होती. एक तरुण डॉक्टर चन्नप्पाला बाजूला घेऊन गेला आणि हळू आवाजात समजावून सांगायला लागला. नीलम्माच्या हृदयाचा स्नायू जाड झाला होता. हे बऱ्याच वर्षांपासून चाललेलं असणार. दम लागत असेल ना त्यांना? चन्नप्पानं मान हलवली.

"हा आजार कधीकधी रक्तातून पुढं जातो, काका. मुलं किती तुम्हाला?"

"दोन. एक पोरगा, एक पोरगी."

"दोघांचीही तपासणी करून घ्या. छातीवर मशीन फिरवून बघतात, काही दुखत नाही. आणि तपासणी होईपर्यंत जड उचलायचं नाही, पळायचं नाही."

नेमकी त्याच वेळी ईश्वरी बाकावरून उठली. रडून तिला धाप लागली होती. तिनं एक हात भिंतीला लावला, मान खाली घातली आणि श्वास यायची वाट बघत उभी राहिली. नीलम्मा जिना चढून आली की अगदी अशीच उभी राहायची. तसाच हात, तशीच मान. चन्नप्पा तिच्याकडंच बघत राहिला. डॉक्टर पुढं आणखी काही बोलला, ते त्याच्या कानावरून गेलं. खाली वीरेशनं आईला दोन्ही हातांवर घेऊन गाडीत ठेवलं, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही.

त्यांच्या लिंगायतांत दहन नसतं. नीलम्माला विमानात, सजवलेल्या पालखीत, बसवून नेलं आणि बसलेलीच माती दिली. जंगम महाराजांनी तिच्या गळ्यातलं लिंग सोडवून तिच्या तळहातावर ठेवलं. विमानाचा पुढचा खांदा घरापासून शेवटपर्यंत वीरेशनं सोडला नाही. चन्नप्पा मागून चालत होता आणि बायकांच्या घोळक्यात ईश्वरी कुठं आहे, चालताना तिला दम लागतोय का, एवढंच बघत होता.

डॉक्टरनं जे सांगितलं ते त्यानं कोणालाही सांगितलं नाही.

मुद्दाम लपवलं असंही नाही. सांगायला तोंड उघडलं की शब्दच फुटायचे नाहीत. तपासणी केली की कळणार, आणि एकदा कळलं की ते परत घेता येणार नाही. नाही केली तर पोरगी धडधाकट आहे, खातेपिते आहे, हॉस्टेलवर मैत्रिणींबरोबर हसते आहे. ती आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला होती. रोज संध्याकाळी तो तिला फोन करायचा आणि अभ्यासाचं न विचारता आज जिना किती वेळा चढलीस, असं विचारायचा. ती हसायची. डॉक्टरच्या सांगण्यातला तपासणीचा भाग त्यानं मागं टाकला आणि जड उचलायचं नाही एवढाच भाग घट्ट धरून ठेवला. ते त्याला जमण्यासारखं होतं. सगळी हयात त्यानं वजनातच काढली होती.

दिवाळीच्या सुट्टीला ईश्वरी घरी आली तेव्हा तो जीपच्या थांब्यावर आधीच जाऊन उभा होता. तिची बॅग त्यानं टपावरून स्वतः उतरवली. घरात ती पाण्याची बादली उचलायला गेली की तो पुढं व्हायचा. गच्चीवर कपडे वाळत घालायला निघाली की प्रणिताला, सुनेला, हाक मारायचा. प्रणितानं दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर म्हणाली, "अप्पा, वन्संना निदान स्वतःचं ताट तरी उचलू द्या. न्हाईतर सासरी गेल्यावर माझं नाव निघायचं."

सगळे हसले. चन्नप्पाही हसला. वीरेश तेव्हा दारातून साखरेचं पोतं पाठीवर घेऊन आत येत होता. दुकानाचा माल घराच्या मागच्या खोलीत ठेवायचे. त्यानं पोतं थप्पीवर टाकलं, मानेचा घाम पुसला आणि म्हणाला, "आमाला न्हाई बा कुनी म्हनत, जड उचलू नको."

"तू बैल हायेस बैल," चन्नप्पा म्हणाला, आणि पुन्हा सगळे हसले.

छबुबाईंनी तर त्याला दुकानात गिऱ्हाइकांसमोरच ऐकवलं. पोरीचं काचेचं भांडं करून ठेवलंय तुमी चन्नप्पा, नीलम्मालाबी असंच फुलावानी जपायचात, पर ती बायको हुती, ही पोरगी हाय, हिला जग बघू द्या. त्यांनी मागितलेली डाळ मोजताना चन्नप्पानं ती पारड्याबाहेर सांडली.

लॅपटॉपचा विषय ईश्वरीनं त्याच सुट्टीत काढला. कॉलेजात आता हातानं नकाशे काढायचे दिवस संपत आले होते. मुलं संगणकावर इमारत उभी करायची. कॉलेजचे संगणक कमी, मुलं जास्त. मैत्रिणीचा किती दिवस मागायचा? चन्नप्पा लगेच हो म्हणाला. नीलम्माच्या मनातही ते होतंच. पण लॅपटॉप म्हणजे जवळ घेऊन हिंडायची वस्तू, ती रोज खांद्याला लावून पोरगी तीन जिने चढणार, हे लगेच त्याच्या ध्यानात आलं. त्यानं विचारलं, त्याला वजन किती असतं? ईश्वरीला वाटलं, अप्पा गंमत करतायत. किलोवर थोडीच मिळतो, ती म्हणाली.

ते दोघं अंबाजोगाईला निघाले त्या दिवशी दुकानाच्या साखरेचा ट्रक यायचा होता. हमाल सणाला गावी गेलेले होते. चन्नप्पा म्हणाला, उद्या जाऊ. वीरेशनं त्याला थांबू दिलं नाही. "मी हाय न्हवं. तुमी जावा बिनघोर. पोतीच तर उतरवायचीत." एसटी भरलेली होती. चन्नप्पानं एका ओळखीच्या माणसाला उठवून ईश्वरीला जागा करून दिली आणि स्वतः दांडीला धरून उभा राहिला. ती लाजली. शेवटी एक म्हातारा गृहस्थ तिच्या शेजारून उठला आणि चन्नप्पालाच म्हणाला, तुमीच बसा, तुमचा चेहरा लई उतरलाय.

अंबाजोगाईत संगणकाचं दुकान मंडीपासून थोडं आत होतं. दुकानातला मुलगा उत्तरेश्वर केजजवळच्या युसूफ वडगाव या गावचा निघाला. चन्नप्पाचं दुकान त्याला ठाऊक होतं. त्याच्या घरचा लग्नाचा किराणा तिथूनच गेला होता. त्यानं खुर्च्या ओढल्या, चहा मागवला आणि दोन लॅपटॉप काढून काचेवर ठेवले. एक पांढरा, पातळ, शाळेच्या मोठ्या वहीएवढा. दुसरा काळा, जाडजूड.

"काका, साधं सांगतो," तो म्हणाला. "हा पांढरा म्हंजी लुना. बाजारला जायचं, चार पिशव्या आनायच्या, झकास. ह्यो काळा म्हंजी ट्रॅक्टर. आता ताईला काय करायचंय ते ताईनं ठरवावं."

चन्नप्पानं पांढरा लॅपटॉप उजव्या तळहातावर घेतला. दीड किलोला जरा कमी. मग काळा घेतला. तीन किलोच्या वर, आणि त्याच्या वायरीच्या ठोकळ्याचं वजन वेगळंच. त्यानं तो पटकन खाली ठेवला, जणू चटका बसला. म्हणाला, "पांढराच दे."

ईश्वरी म्हणाली, आधी बघू तरी द्या. तिनं येताना आपलं कॉलेजचं काम बरोबर आणलं होतं. उत्तरेश्वरनं दोन्हींवर लागणारं सॉफ्टवेअर टाकलं, तेवढ्यात त्यांचा चहा झाला. मग तिनं आधी पांढऱ्यावर आपली इमारत उघडली. अर्धी भिंत दिसली, छताच्या रेघा यायला लागल्या आणि सगळं तिथंच थिजलं. पडद्यावर वाळूचं घड्याळ तेवढं फिरत राहिलं. तिनं बंद करून पुन्हा उघडलं. पुन्हा तेच. काळ्यावर इमारत पूर्ण उघडली. तिनं माऊस हलवला तशी ती गोल फिरली. पुढून, मागून, वरून. धान्यबाजाराच्या मोंढ्यासारखी लांब इमारत, ओळीनं गाळे, पुढं रुंद ओटा.

"हा ओटा बघा अप्पा," ती म्हणाली. "ट्रकच्या फळीएवढाच उंच केलाय. पोतं ट्रकातून सरळ ओट्यावर सरकवायचं, पाठीवर घ्यायची गरजच न्हाई. दादा पोती उचलतो ते बघून सुचलं. सरांनी सगळ्या वर्गाला दाखवलं."

चन्नप्पानं बघितलं. असा ओटा त्यानं कुठंच बघितला नव्हता, आणि बघताक्षणी असाच ओटा असायला पाहिजे हे त्याला पटलं. पण नजर पडद्यावरून खाली गेली, त्या काळ्या जाड धडाकडं, आणि मग पोरीच्या खांद्याकडं. तिचे खांदे लहान होते. नीलम्माचेही लहान होते.

"काम हळू करत जा," तो म्हणाला. "घाई कुठं हाय? पांढरा घे."

"हळू न्हाई होत अप्पा. होतच न्हाई. आत्ता बघितलं न्हाई का तुमी?"

त्यानं सतरा कारणं काढली. मोठा चोरांच्या डोळ्यावर येतो. मोठ्याला वीज जास्त लागते. मोठ्यानं डोळे जातात. उत्तरेश्वर एकदा याच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत होता. त्यानं मध्ये पडायचं म्हणून सांगितलं की काका, लई पोरी नेतात मोठा, पाठीवरची बॅग मिळते त्याच्याबरोबर, काही कळत नाही वजन. चन्नप्पा त्याच्यावर खेकसला. "तुला काय कळतंय बे वजनातलं? गप ऱ्हा."

केजच्या बाजारात चन्नप्पाचा चढलेला आवाज कोणी ऐकलेला नव्हता. ईश्वरी उठली, उत्तरेश्वरला येतो आम्ही म्हणाली आणि बाहेर पडली.

रस्त्याच्या पलीकडं उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं. तिथल्या बाकावर ती जाऊन बसली. चन्नप्पा तिच्या समोर बसला. रस आला. दोघांनीही ग्लासाला हात लावला नाही. ईश्वरीनं सरळ विचारलं.

"कावून असं करायलात अप्पा? आई गेल्यापासून बघते मी. बादली उचलू देत न्हाईत, जिना चढू देत न्हाईत. माझ्याकडं बघता तर भूत बघितल्यावानी बघता. काय झालंय?"

चन्नप्पानं काही नाही म्हणायला तोंड उघडलं. आणि त्याच्या तोंडून दुसरंच बाहेर पडलं. डॉक्टर काय म्हणाला ते त्यानं सांगितलं. एकदा बोलायला लागल्यावर त्याला थांबता येईना. स्नायू, जाडी, रक्त, मशीन, सगळं जसं आठवेल तसं, पुढचं मागं मागचं पुढं. सांगताना तो टेबलावर सांडलेला रस बोटानं पुसत होता.

ईश्वरीचा हात आपोआप गळ्याशी गेला. कुर्त्याच्या आत दोऱ्यात लिंगाची डबी होती, ती तिनं कापडावरूनच मुठीत धरली.

"मला आईसारखं व्हनार?"

"म्हाईत न्हाई, माय."

"मला लागतो कधीकधी दम," ती म्हणाली. "तिसऱ्या मजल्यावर गेल्यावर. मला वाटायचं सगळ्यांनाच लागतो."

हे ऐकायला लागू नये म्हणून तो इतके दिवस गप्प बसला होता. आता ते कानावर पडलं होतं. गुऱ्हाळाचं चाक घुंगरू वाजवत फिरत होतं, शेजारच्या बाकावर कोणी मोठ्यानं हसत होतं, आणि चन्नप्पाला समोरच्या पोरीशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं.

मग ईश्वरी बोलायला लागली. आवाजात राग नव्हता. आठवेल तसं ती बोलत होती. "आई पहिल्यांदा दमायला लागली तवा तुमी तांब्याची घागर काढून स्टीलची आणली. मग स्टीलची जड व्हायला लागली तर प्लॅस्टिकची आणली. मग पाटा काढला, मिक्सर आणला. मग वरचा स्वयंपाक खाली आणला. कापसाची जड गादी काढून हलकी आणली. दरवर्षी काहीतरी हलकं करायचात. आई सगळ्यांना सांगायची, माझ्या मालकानी मला काडीबी उचलू दिली न्हाई."

"तालुक्याच्या डॉक्टरला दाखवलं हुतं," चन्नप्पा म्हणाला. "रक्त कमी हाय म्हनला. गोळ्या दिल्यात्या."

"व्हय. मीच आणून द्यायची त्या गोळ्या." ती थांबली. "मी तुमाला बोल लावत न्हाई अप्पा. पर तिच्या हातातलं ओझं कमी झालं, तिला दम लागायचा थांबला का?"

चन्नप्पाच्या डोळ्यांपुढं ती प्लॅस्टिकची घागर आली. हिरवी होती. नीलम्मा ती अर्धीच भरायची. पुढं पुढं पाव भरायची. त्याला बरं वाटायचं, की आता तिला जड जात नसेल. पाणी भरून परतताना ती दुकानाच्या दारात टेकून उभी राहायची आणि तो गल्ल्यावरून विचारायचा, अजून हलकी आणू का? ती हसून नको म्हणायची. आणि तो हिशेब जमल्यासारखा पुन्हा गिऱ्हाइकाकडं वळायचा.

"औरंगाबादला माझ्यासंगं कोन असतं?" ईश्वरी म्हणाली. "पाठीवर नकाशे, हातात पुठ्ठ्याची इमारत, तीन जिने. तिथं कोन हलकं करनार हाय?"

मग तिनं ग्लास उचलला आणि सगळा रस एका दमात पिऊन टाकला, औषध घ्यावं तसा. म्हणाली, दवाखाना इथून लांब नाही, चला.

नीलम्मा जिथं गेली त्याच दवाखान्याच्या पायऱ्या चढताना चन्नप्पा मागं पडला. ईश्वरी त्याच्या पुढं होती. पायरीपायरीला ती थांबत होती, पण ती दमून थांबत होती की त्याच्यासाठी थांबत होती हे त्याला विचारायचं धाडस झालं नाही. वरच्या मजल्यावर खिडकीतल्या बाईंनी सांगितलं, हृदयाचे मोठे डॉक्टर लातूरहून शुक्रवारी येतात, मशीन तेच चालवतात. नाव लिहायचं का? ईश्वरी म्हणाली, लिहा. चन्नप्पाला ज्या बाकाकडं बघायचं नव्हतं ते बाक समोरच होतं. त्यावर एक म्हातारी मांडीवर डबा घेऊन बसली होती. काही झालं नाही. दोन मिनिटांचं काम. तेवढ्यासाठी पोळ्यापासून तो घाबरत होता, आणि आता ते काम झाल्यावर भीती कमी झाली असंही नाही. ती आता शुक्रवारवर जाऊन बसली एवढंच.

बाहेर आल्यावर त्याला वाटलं, आता सरळ घरी जायचं. ईश्वरी मंडीकडं वळली.

"शुक्रवार होऊ दे," तो म्हणाला. "मग बघू लॅपटॉपचं. शुक्रवारी काय निघतं ते…"

"शुक्रवारी काही का निघंना. मला शिक्षण पुरं करायचंय, अन् पुढं लई वर्षं काम करायचंय त्याच्यावर. गोळ्या खाऊन करीन. ऑपरेशन सांगितलं तर करून येऊन करीन. पांढऱ्यावर मला मधेच थांबून बसायचं न्हाई."

तिचे डोळे भरले होते, पण चाल थांबली नव्हती. चन्नप्पा तिच्या मागून गेला. आईसारखी चालते, त्याच्या मनात आलं, आणि लगेच दुसरं आलं, की नाही, नीलम्मा कधी त्याच्यापुढं चालली नाही.

उत्तरेश्वरनं त्यांना परत येताना बघितलं आणि तो उठून उभा राहिला. मघाशी बोललो ते मनावर घेऊ नको, चन्नप्पा त्याला म्हणाला. तो म्हणाला, तुमी वडिलांच्या जागी, काका, बोललात तर काय झालं. त्यानं काळा लॅपटॉप पुसला, खोक्यात घातला, वर बॅग दिली, आणि हळूच विचारलं की पांढरा परत ठेवून देऊ ना. चन्नप्पानंच होकार दिला. ईश्वरीनं बॅग उचलून काचेवरून खाली घेतली, एकदा हातात तोलली आणि वडिलांसमोर धरली.

"शुक्रवारपर्यंत तुमी उचला," ती म्हणाली. "मग मी."

चन्नप्पानं पट्टा खांद्याला लावला. तीन किलो आणि वर ठोकळ्याचं वजन. त्यानं जन्मभर क्विंटलच्या भाषेत व्यवहार केला होता, पण त्या बॅगेच्या वजनानं त्याला त्या घटकेला उभं राहायला मदत झाली. निदान ते त्याच्या खांद्यावर होतं, तिच्या नव्हतं. आणि ते कधी उतरवायचं हेही ठरलं होतं.

बसस्टँडवर केजची गाडी लागायची होती. दोघं सावलीला उभे राहिले. ईश्वरीनं केळी घेतली, त्याला एक सोलून दिलं. ती जरा मोकळी झाली होती. त्या ओट्याबद्दल बोलत होती, की घरी गेल्यावर दादाला तो फिरवून दाखवायचाय, त्याला विचारायचंय उंची बरोबर झाली का, कारण ट्रकची फळी रोज तोच बघतो. बोलता बोलता ती थांबली. हातातलं केळ तसंच राहिलं.

"अप्पा, डॉक्टर एकट्या माझ्याबद्दल म्हनलेते का?"

चन्नप्पानं खांद्यावरचा पट्टा घट्ट धरला.

"दादाबद्दल काय म्हनले?"

दोघांचीही. तरुण डॉक्टरचा आवाज त्याला आत्ता ऐकू यावा तसा ऐकू आला. दोघांचीही तपासणी करून घ्या. हे त्यानं त्या दिवशी ऐकलं होतं, मानही हलवली होती. आणि त्यानंतर रोज, दिवाळीत, काल, आज सकाळी, वीरेश त्याच्या डोळ्यांसमोर पोती उचलत होता. पोळ्यापासून त्याची सगळी भीती एका पोरीच्या खांद्यांवर खिळली होती. पोरगा दिसायला बैलासारखा, त्याला कशानं कधी धाप लागली नाही, म्हणून त्याच्याकडं मान वळवून बघायचंही राहिलं होतं.

"साखरेचा ट्रक," तो म्हणाला. "आज ट्रक यायचाय. हमाल न्हाईत."

वीरेशजवळ मोबाईल नव्हता. ईश्वरीनं आपला काढला आणि दुकानाचा नंबर लावला. तिनं फोन वडिलांच्या कानाला लावून धरला. रिंग जात होती. त्याला ते दुकान जसंच्या तसं दिसत होतं. गल्ल्यावर कोणी नाही, फोन वाजतोय, बाहेर ट्रकची फळी पाडलेली, आणि वीरेश पाठ वाकवून पोत्याखाली जातोय. तेवढं उतरवून घेतो मग बघतो फोन, असं म्हणत असेल. त्याची ती सवयच होती. रिंग वाजून वाजून बंद झाली. ईश्वरीनं पुन्हा लावला. मग घरचा लावला. घरीही कोणी उचलेना. प्रणिता ट्रकवाल्यांना चहा घेऊन दुकानात गेली असणार.

गाडी लागली. माणसं दाराकडं धावली. चन्नप्पाही धावला, खांद्यावरची बॅग सावरत, आणि दारात अडकलेल्या माणसांना बाजूला करत त्यानं लेकीला आत घेतलं. गाडी हलली तरी ती पुन्हा पुन्हा नंबर लावत होती. केज यायला अजून वेळ होता, आणि वीरेशला अजून कोणी सांगितलं नव्हतं.